लॉर्ड डेनिंग वाचायला घेताय? आधी कँडलर वाचा

कॉलेजात हाय ट्रीज खटल्याचा निकाल (समोरचा विसंबला असेल तर दिलेला शब्द फिरवता येत नाही, हे सांगणारा) शिकवतात आणि बहुतेकांचे डेनिंग, हे इंग्लंडचे न्यायाधीश, तिथेच संपतात. तुम्ही तसं करू नका.

हॅम्पशरमधल्या व्हिटचर्चच्या कापड दुकानदाराचा हा मुलगा. ऑक्सफर्डला गणित शिकला, १९२३ ला बॅरिस्टर झाला. १९४४ ला न्यायाधीश, १९४८ ला अपील कोर्टात, १९५७ ला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात. नीट पाहण्यासारखी गोष्ट पुढची आहे: १९६२ मध्ये ते त्या सर्वोच्च पीठावरून आपणहून खाली, अपील कोर्टात 'मास्टर ऑफ द रोल्स', म्हणजे तिथले दिवाणी बाजूचे प्रमुख न्यायाधीश, म्हणून परतले. लॉर्ड्समध्ये सहसा पाच जण बसत, इथे तिघे. एका सहकाऱ्याला पटवलं की निकाल आपला. शिवाय बहुतेक खटले इथेच संपत. तिथे ते १९८२ पर्यंत राहिले.

सुरुवात १९५१ च्या कँडलर खटल्यातल्या त्यांच्या भिन्नमतापासून करा. हिशेबनिसाच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्याचं नुकसान झालं, तर तो जबाबदार, असं ते एकटेच म्हणाले. १९६३ मध्ये हेडली बर्न खटल्यात लॉर्ड्सनी तीच दिशा धरली. वाक्यं किती छोटी आहेत, तेही बघा. आपले अर्ज असे लिहिता आले तर!

पण भक्त होऊ नका. १९८० मध्ये बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटासाठी शिक्षा झालेल्या सहा कैद्यांचा पोलिसांवरचा मारहाणीचा दावा त्यांनी रोखला. तो खरा ठरला तर पोलिसांनी खोट्या साक्षी दिल्याचं मानावं लागेल, हेच त्यांना असह्य वाटलं. १९९१ मध्ये सहाही जणांची शिक्षा रद्द झाली. डेनिंगचा १९८० चा तो निकालही पूर्ण वाचा.