स्पिनेलचा खडा (रत्न) घेताय? आधी रंग बघा

अहो, विकणारा 'रेअर आहे' म्हणाला की लगेच पाकीट काढू नका. स्पिनेलमध्ये खरा पैसा रंगाला. गडद लाल, महेंगेचा (टांझानिया) तो झगझगीत गुलाबी-लाल आणि कोबाल्टमुळे आलेला निळा, हे वरचे. मळकट जांभळट खूप स्वस्त. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच लाल भारी दिसतात, म्हणून खडा दारात नेऊन उजेडात बघा, काळपट पडला तर भाव पाडा. मग खडा छापील कागदावर ठेवा. टेबल, म्हणजे खड्याचा वरचा सपाट भाग, वर ठेवून वरून बघा, मधून अक्षरं वाचता आली तर कट उथळ आहे, वजन वाचवायला कापलाय, आणि तुम्ही कॅरेटचे (वजनाचे) पैसे भरताय चमकेचे नाही. कॅरेट वाढलं की प्रति कॅरेट भावही उडी मारतो, 1 कॅरेटचा भाव गुणिले 5 असला हिशोब चालत नाही.

यात हीट, म्हणजे रंग सुधारायला खडा तापवणं, कमी असतं, पण सिंथेटिक, म्हणजे माणसाने बनवलेलं, भरपूर, आणि ते बनवणंही जुनंच. रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र) नॅचरल साधारण 1.718, फ्लेम फ्युजनवालं (ज्वाळेत वितळवून बनवलेलं सिंथेटिक) 1.728 च्या आसपास. महागाचा असेल तर लॅब रिपोर्ट मागाच, दुकानाचं कार्ड नव्हे. ब्रिटिश मुकुटातला 'ब्लॅक प्रिन्स रुबी' (रुबी म्हणजे माणिक) पण स्पिनेलच निघाला की!