किमान वेतन वाढलं, अनुदान मात्र तेवढंच

प्रश्न : आमची संस्था वृद्धांसाठी दिवसभराचं देखभाल केंद्र चालवते. १० मदतनीस आणि २ पर्यवेक्षक आहेत. मदतनिसांना किमान वेतनच मिळतं आणि ते आता १२ टक्क्यांनी वाढलंय. अनुदानाची रक्कम ३ वर्षांसाठी ठरलेली आहे. मदतनिसांचे तास कमी करावेत का?

उत्तर : आधी खरा बोजा काढा, तो मदतनिसांच्या १२ टक्के वाढीवर थांबत नाही. मदतनिसाचा जुना पगार १०० धरा आणि पर्यवेक्षकाचा ११०. किमान वेतन ११२ झालं की पर्यवेक्षक मदतनिसाच्याही खाली जातो. त्याला नुसतं ११२ वर आणलंत तर जबाबदारी जास्त आणि पगार सारखाच, असं होतं. मग अनुभवी माणसंच आधी सोडून जातात. पूर्वीचा १० टक्क्यांचा फरक राखायला त्याला १२३ द्यावे लागतील. म्हणजे १० मदतनिसांचे वाढीव १२० आणि २ पर्यवेक्षकांचे वाढीव २६, मिळून १४६. भविष्य निर्वाह निधी, विमा यांतला संस्थेचा वाटा १५ टक्के धरला, तर वाढीव खर्च १६८ होतो. फक्त १२० ची तरतूद केलेली संस्था वर्ष संपण्याआधीच अडकते. बदली माणसाची मजुरी आणि जादा कामाचा दरही यात धरायला विसरू नका.

तास कमी करणं टाळाच. किती वृद्धांमागे किती मदतनीस, हे प्रमाण मोडलं की उठवण्या-बसवण्यात, औषधांच्या वेळांत चुका होतात. प्रमाण राखायचं तर लाभार्थी कमी घ्यावे लागतात, मग करारातलं उद्दिष्ट चुकतं आणि पुढचा हप्ता रखडतो. शिवाय मदतनिसाला मिळालेली वाढ तिच्याच खिशातून परत जाते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

अनुदान देणाऱ्यांना नवे दर लागू होण्याआधीच पत्र द्या. सोबत नव्या किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेची प्रत, जुनं आणि नवं पगारपत्रक जोडा. वाढीव रक्कम मागा. ती मिळत नसेल तर प्रवास किंवा साहित्याच्या खर्चासाठी मंजूर रकमेतून पगाराकडे रक्कम वळवायची लेखी परवानगी घ्या. तोंडी होकारावर खर्च केलात तर लेखापरीक्षणात तो नामंजूर होऊ शकतो. दर मागच्या तारखेपासून लागू असतील तर फरकाची थकबाकीही त्याच पत्रात दाखवा. अनुदान खर्चानंतर हातात पडत असेल, तर मधल्या महिन्यांचे वाढीव पगार राखीव निधीतून भागवावे लागतील. तो किती महिने पुरेल, ते आजच पाहा. पुढच्या प्रस्तावात दरवर्षीची पगारवाढ आणि किमान वेतन बदलल्यास फेरआढाव्याचं कलम घाला.

प्रश्न : काही मदतनिसांना मानधनावरचे स्वयंसेवक दाखवलं तर?

उत्तर : असं करू नका. ठरलेल्या वेळा, हजेरीपत्रक, वरिष्ठांचे आदेश आणि दरमहा ठरावीक रक्कम असेल, तर नाव काहीही द्या, तो कर्मचारीच ठरण्याची शक्यता मोठी. मग थकबाकी आणि दंड दोन्ही भरावे लागतात, आणि दंडाला अनुदानातून सहसा पैसा मिळत नाही. खऱ्या स्वयंसेवकाला प्रवासाचा, जेवणाचा झालेला खर्च पावतीवर द्या. रोजच्या देखभालीची पाळी त्याच्यावर टाकू नका.