भाडं न घेणारा मालक आणि पाचशेचा स्टॅम्प

प्रश्न : सोलापुरात साखर पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या आहेत. पावत्या सासूबाईंच्या नावाच्या, भाडं १८० रुपये. सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, मिस्टर त्याच्या आधीच. मी विड्या वळते, मुलगा टॉवेलच्या कारखान्यात आहे. जुन्या मालकाच्या मुलांनी वाडा विकला. नवे मालक सहा महिने भाडंच घेत नाहीत. ‘पावती सासूची होती, ती गेली, तुमचा हक्क संपला’ म्हणतात. पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा, मग अकरा महिने निवांत राहा, असं सांगतात. मागच्या आठवड्यात नळ तोडला. महापालिकेची नोटीस निघाली आहे, वाडा पडणार, असंही म्हणतात. मला कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत घर मिळालं आहे. खोलीला कुलूप लावून तिकडे जावं का?

उत्तर : ताई, आधी स्टॅम्पचं बोलू. सही करू नका. त्या कागदाचं नाव लिव्ह अँड लायसन्स. त्यावर सही केली की तुम्ही भाडेकरू राहत नाही, मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्या होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे अशा लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरला जातो. ‘मी वाचलंच नव्हतं’ हे नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही. मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं भरपाई द्यावी लागते. अकरा महिने निवांत, बाराव्या महिन्यात रस्त्यावर. चाळीस वर्षांच्या पावत्या अशा एका सहीनं रद्दी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

‘हक्क संपला’ हे खोटं आहे. याच कायद्याच्या व्याख्येत, भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तुम्ही सासूबाईंजवळ राहत होता हे दाखवायचं, एवढंच. रेशनकार्ड, मतदार यादी, आणि तुमचं विडी कामगार ओळखपत्र. त्यावर पत्ता असतो. बायका ते कार्ड दवाखान्यासाठी आणि पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी सांभाळतात, पण कोर्टात ते किती कामाला येतं हे फार थोड्या जणींना माहीत असतं. वाडा विकला म्हणूनही काही बिघडत नाही. मालक बदलतो, भाडेकरू तोच राहतो. जुन्या मालकाची जबाबदारीही नव्याच्या गळ्यात येते.

आता भाडं. मालकाचा डाव इथेच आहे. आज भाडं घ्यायचं नाही आणि उद्या ‘थकवलं’ म्हणून दावा लावायचा. कलम १५ सांगतं की भाडेकरू भाडं देतो किंवा द्यायला तयार आहे तोवर एरवी त्याला काढता येत नाही. ती तयारी कागदावर दिसली पाहिजे. सहा महिन्यांचे १,०८० रुपये मनीऑर्डरनं पाठवा, संदेशात कुठल्या महिन्यांचं भाडं ते लिहा. नाकारली तर परत येईल, येऊ द्या. पोस्टाचा कागद जपा आणि दर महिन्याला पुन्हा पाठवा. थकबाकीचा दावा लावायच्या आधी मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. नोटीस आली की ती घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. त्यातूनही दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून ताबा वाचवता येतो. आणि भाडं घेतलं की लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

नळाचं प्रकरण थांबण्यासारखं नाही. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. चुकलेली एक पाळी म्हणजे कितीतरी दिवसांच्या घागरी. कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय पाणी, वीज असल्या आवश्यक सोयी तोडणं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी न्यायालयात अर्ज करून नळ पुन्हा जोडून घेता येतो. तोडलेल्या पाइपचे फोटो आजच काढा, शेजारी उभी राहील अशी एक साक्षीदार बाई बघून ठेवा.

महापालिकेची नोटीस तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन प्रत मागा, जावक क्रमांक आणि तारीख बघा. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक घरांना खऱ्या नोटिसाही जातात. वाडा खरंच पडायच्या बेतात असेल तर मात्र हट्टानं आत बसू नका. मातीची भिंत कायदा बघून पडत नाही. बाहेर पडण्याआधी भाडेकरूंची नावं आणि खोल्यांचं मोजमाप नोंदवावं, असा अर्ज देऊन पोच घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं आहे.

रे नगरच्या घराबद्दल आधी अभिनंदन. ३०,००० घरांची ती वसाहत कुणी फुकट दिलेली नाही. विडी कामगार बायकांनी कामगार नेते आडम मास्तरांच्या युनियनबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढले. आधी गोदूताई परुळेकर वसाहतीची १०,००० घरं, मग हे. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पहिली १५,००० घरं दिली गेली. त्यातलं एक तुमचं असेल तर ते तुमच्या कष्टाचं आहे, आणि भाड्यानं राहत होता म्हणून ते अडत नाही. अट स्वतःच्या मालकीचं पक्कं घर नसण्याची असते.

पण वाड्यातल्या खोलीला कुलूप लावून जाऊ नका. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल, तर तेवढ्यावर मालक ताबा मागू शकतो. मालकाला स्वतःला जागा हवी असा दावा झाला, तर कोणाची अडचण मोठी हे कोर्ट तोलतं, आणि तिथे तुमचं दुसरं घर तुमच्या विरुद्ध मोजलं जाईल. हे मी गोड करून सांगणार नाही. कुंभारीला राहायला जायचंच ठरलं असेल, तर खोली नुसती सोडण्यापेक्षा मोबदला घेऊन सोडा. कलम ५६ प्रमाणे भाडेकरूनं ताबा सोडताना रक्कम घेणं कायदेशीर आहे. लेखी करा, आधी पैसे खात्यात, मग किल्ली. मुलगा मात्र तुमच्याबरोबर तिथेच वाढलेला असेल आणि त्याचं काम पेठेतच असेल, तर त्यानं खोलीत राहावं. रोज चूल पेटली पाहिजे, वीजबिलात वापर दिसला पाहिजे.

कामावरून येऊन बघाल तर कुलूप बदललेलं, असं झालं तर लगेच पोलिसांत तक्रार द्या. सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली दावा लावता येतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही, जबरदस्तीनं काढलं का एवढंच बघतात.

वाड्यात आणखी कुटुंबं असतील, त्यांनाही हाच स्टॅम्प दाखवला असणार. एकानं सही केली की दुसऱ्यावर दाब येतो. आज रात्री अंगणात सगळ्यांना बसवा, नळासाठी एकत्र अर्ज करा. वकिलाच्या फीची काळजी नको: स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना पावत्यांच्या झेरॉक्स न्या. मूळ पावत्या कोर्टात दाखल करायची वेळ येईपर्यंत कुणाच्या हाती देऊ नका, ‘बघून परत देतो’ म्हणणाऱ्याच्या तर नाहीच.