फाईल माऊसने ओढून टाकली की कधी कॉपी होते, कधी मूळ जागेवरून गायब होते, असं का?

तुम्ही लिहिलंय की डी ड्राईव्हवरचा फोटोंचा फोल्डर ओढून पेनड्राईव्हवर टाकला तर मूळ फोल्डर जागेवर राहतो आणि तिकडे कॉपी होते. पण तोच फोल्डर डी ड्राईव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला की आधीच्या जागेवरून नाहीसा होतो. कंप्युटर बिघडलाय का, आणि ही ओढाओढी सोडून कट-पेस्टच करावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

कंप्युटर ठणठणीत आहे. विंडोज एका ठरलेल्या नियमाने वागतंय, तो नियम कुणी सांगत नाही एवढंच. जिथून उचलली आणि जिथे सोडली त्या दोन्ही जागा एकाच ड्राईव्हवर असतील तर फाईल हलते. ड्राईव्ह वेगवेगळे असतील तर कॉपी होते. सीमधून सीमध्ये हलणार, डीमधून डीमध्ये हलणार. सीमधून डीमध्ये किंवा डीमधून पेनड्राईव्हवर कॉपी होणार. गोंधळ वाढतो तो डेस्कटॉपमुळे. डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नाही, तो साधारणपणे सी ड्राईव्हवरचाच एक फोल्डर असतो. म्हणून डाउनलोड्समधली फाईल डेस्कटॉपवर ओढली की हलते आणि डीमधली ओढली की कॉपी होते. पडद्यावर दोन्ही हालचाली अगदी सारख्या दिसतात, मग माणसाला वाटतं मशीन लहरी आहे.

यामागे कारण आहे. ड्राईव्हवर प्रत्येक फाईलची नोंद एका तक्त्यात असते: नाव काय, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, मजकूर डिस्कवर नेमका कुठे पडलाय. त्याच ड्राईव्हवर फाईल हलवली की मजकुराला कुणी हात लावत नाही, फक्त नोंद बदलते. सातबाऱ्यावर फेरफार झाला तरी जमीन असते तिथेच असते, तसंच हे. त्यामुळे 20 जीबीचा लग्नाचा व्हिडिओसुद्धा डीमधल्या डीमध्ये डोळ्याची पापणी लवायच्या आत हलतो. ड्राईव्ह बदलला की मात्र नोंद बदलून भागत नाही, सगळा मजकूर तिकडे नव्याने लिहावा लागतो. तो लिहून झाल्यावर मूळ फाईल आपणहून पुसून टाकणं धोक्याचं, म्हणून विंडोज पुसत नाही, कॉपीवर थांबतं. विंडोज 3.1 च्या फाईल मॅनेजरमध्येही हाच नियम होता. (तो जुना फाईल मॅनेजर अजून चालवून बघता येतो बरं का, मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला.)

नियम पाठ करायची गरज नाही. माझा छपाईचा धंदा आहे, दुकानात नवीन ऑपरेटर आला की मी त्याला पहिल्यांदा एवढंच सांगतो: फाईल डाव्या बटणाने ओढू नकोस, उजव्या बटणाने ओढ. उजवं बटण दाबून धरायचं, ओढायचं आणि हव्या त्या फोल्डरवर सोडायचं. सोडल्याबरोबर छोटा मेनू येतो: कॉपी हिअर, मूव्ह हिअर, क्रिएट शॉर्टकट्स हिअर आणि शेवटी कॅन्सल. डाव्या बटणाने ओढता तेव्हा निर्णय विंडोज घेतं. उजव्याने ओढलं की ते तुम्हाला विचारतं. ही सोय विंडोज 95 पासून आहे, तरी वर्षानुवर्षं कंप्युटर वापरणाऱ्यांनाही माहीत नसते. कंप्युटर क्लासमध्ये हे पहिल्या दिवशी का शिकवत नाहीत, कोण जाणे.

डाव्या बटणाचीच सवय असेल तर तीन बटणं लक्षात ठेवा. कंट्रोल दाबलेलं असेल तर कॉपीच होणार, ड्राईव्ह कोणताही असो. शिफ्ट दाबलेलं असेल तर हलणारच. आल्ट दाबलं तर शॉर्टकट बनतो. यातली मेख अशी की, विंडोज ही बटणं तुम्ही फाईल सोडता त्या क्षणी बघतं, उचलता तेव्हा नाही. म्हणून आधी फाईल उचला, ओढत न्या, आणि सोडायच्या आधी कंट्रोल दाबा. माऊसचं बटण आधी सोडायचं, कंट्रोल नंतर. ओढत असताना बाणाशेजारी छोटी पाटी दिसते, तीवर मूव्ह टू किंवा कॉपी टू असं लिहिलेलं असतं आणि पुढे फोल्डरचं नाव. सोडण्याआधी ती पाटी वाचली तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. मध्येच विचार बदलला तर माऊस न सोडता एस्केप दाबा, काहीही होत नाही.

कंट्रोलचा एक त्रासही आहे. कंट्रोल धरून एकेका फाईलवर क्लिक करत दहा-बारा फोटो निवडताना हात जरासा घसरला, तर विंडोजला वाटतं तुम्ही ओढताय. मग त्याच फोल्डरमध्ये निवडलेल्या सगळ्या फोटोंच्या प्रती तयार होतात, नावापुढे ‘कॉपी’ लागून. ‘माझ्या फोल्डरमध्ये आपोआप डुप्लिकेट होतात, व्हायरस आहे का’ असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच झालेलं असतं.

याचंच दुसरं रूप जास्त घाबरवणारं असतं: ‘आख्खा फोल्डर उडाला!’ उडालेला नसतो. डबल क्लिक करताना माऊस थोडा सरकला, तो फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडला, आणि ड्राईव्ह एकच असल्यामुळे काही न विचारता क्षणात हलला. ऑफिसमधल्या सामायिक ड्राईव्हवर तर हे हमखास होतं, कारण तिथे एकाचा हात घसरतो आणि शोधाशोध दुसऱ्याच कुणाला तरी करावी लागते. असं झालं तर आधी कंट्रोल-झेड दाबा. फाईल एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-झेड चालतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. शेवटची हालचाल उलटी होते आणि फोल्डर मूळ जागी परत येतो. मात्र ते ज्या कंप्युटरवर चूक झाली तिथेच आणि लगेच करायला हवं. तेवढ्यात कंप्युटर बंद केला असेल तर आजूबाजूच्या फोल्डरमध्ये डोकावा, किंवा वरच्या शोधपट्टीत त्या फोल्डरचं नाव टाका. बहुतेक वेळा शेजारीच सापडतो.

ज्यांचा हात थरथरतो किंवा माऊस जुना झालाय, त्यांच्यासाठी एक कायमचा उपाय आहे. बटण दाबून माऊस किती सरकला म्हणजे ते ओढणं समजायचं, हे अंतर विंडोजमध्ये ठरलेलं असतं आणि ते फक्त 4 पिक्सेल आहे. आजच्या बारीक पिक्सेलच्या पडद्यावर 4 पिक्सेल म्हणजे काहीच नाही. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्राम) एचकी करंट युजर, त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप असं जा. तिथे ड्रॅगहाइट आणि ड्रॅगविड्थ अशा दोन नोंदी आहेत. दोन्हींची किंमत 4 ची 30 करा, साइन आउट करून परत साइन इन करा. रजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावू नका. भीती वाटत असेल तर माहितगाराकडून करून घ्या. माझ्या वडिलांच्या कंप्युटरवर मी हे केलंय, ‘फोल्डर गेला’ म्हणून येणारे फोन थांबले.

आता पेनड्राईव्ह. एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर फाईली हलवायच्याच असतील तरी शिफ्ट दाबून ओढू नका, असं माझं मत आहे. हलवणं म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं. मध्येच वीज गेली किंवा पेनड्राईव्ह निघाला तर थोड्या फाईली इकडे, थोड्या तिकडे अशी अवस्था होते आणि कोणत्या कुठे आहेत ते जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा साधी कॉपी करा. मग दोन्हीकडच्या फोल्डरवर आल्ट-एंटर दाबून फाईलींची संख्या आणि साइझ ताडून बघा. बाइट्समधला आकडा बघा, आणि साइझ ऑन डिस्क ही ओळ सोडून द्या, ती दोन ड्राईव्हवर वेगळी येऊ शकते. जुळलं की मूळ फोल्डर स्वतःच्या हाताने डिलीट करा. दुसरं म्हणजे पेनड्राईव्हवरून किंवा नेटवर्कच्या ड्राईव्हवरून डिलीट केलेली फाईल साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आणि पेनड्राईव्ह फॅट32 (ड्राईव्हवर फाईली मांडायची जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाईल त्यात जाणारच नाही, जागा कितीही रिकामी असली तरी. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.

हलवणं आणि कॉपी यांतला फरक कधी महागात पडतो, ते छपाईत रोज दिसतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये पुस्तक लावताना चित्रं लिंक केलेली असतात, म्हणजे प्रोग्रामला फक्त चित्राचा पत्ता माहीत असतो. कुणी चित्रांचा फोल्डर नीट ठेवतो म्हणून डीमधल्या डीमध्ये ओढला की पत्ता बदलतो आणि फाईल उघडल्यावर लिंक हरवल्याचा निरोप येतो. फोटोंच्या बाबतीत दुसरीच गंमत आहे. कॉपी केलेल्या फोटोवर डेट क्रिएटेड म्हणून कॉपी केल्याची तारीख दिसते, त्यामुळे 2015 च्या सहलीचे फोटो आजचे वाटतात. घाबरू नका, फोटो काढल्याची तारीख कॅमेऱ्याने फाईलच्या आत लिहिलेली असते, ती तशीच राहते. क्रमाने लावायचेच असतील तर डेट टेकनने लावा.

वनड्राईव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर फाईली ठेवायची सोय) वापरत असाल तर जपा. त्याचा फोल्डर सहसा सी ड्राईव्हवरच असतो. त्यातून फाईल उचलून सीवरच्याच साध्या फोल्डरमध्ये टाकली तर ती हलते, म्हणजे क्लाउडवरून जाते आणि त्याच खात्याला जोडलेल्या तुमच्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही जाते. तिथे कॉपीच हवी असेल तर कंट्रोल किंवा उजवं बटण.

कधीकधी ओढलेली फाईल एखाद्या प्रोग्रामवर नेली की बाणाच्या जागी निषिद्धाचं गोल चिन्ह येतं आणि काही केल्या ती टाकताच येत नाही. तो प्रोग्राम रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडलाय का बघा. विंडोज व्हिस्टापासून साध्या खिडकीतून अशा प्रोग्राममध्ये फाईल टाकायला मनाई आहे, सुरक्षेसाठी. प्रोग्राम बंद करून नेहमीसारखा उघडा. विंडोज 11 सुरुवातीला आलं तेव्हा टास्कबारवर फाईल नेऊन प्रोग्रामची खिडकी वर आणायची सोयच काढून टाकली होती. लोकांनी बरीच ओरड केल्यावर 2022 च्या 22एच2 नावाच्या अपडेटमध्ये ती परत आली. तुमचं विंडोज 11 अपडेट केलेलं नसेल तर तेही कारण असू शकतं.

मॅकवर नियम हाच आहे, बटणं तेवढी वेगळी: ऑप्शन दाबलं तर कॉपी, कमांड दाबलं तर हलवणं. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप असेल तर त्याचा फाईल मॅनेजर डॉल्फिन फाईल सोडल्यावर मेनू दाखवून विचारतो, आणि मला विचाराल तर सगळ्यांनीच असं करायला हवं होतं.

राहिला कट-पेस्टचा प्रश्न. कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही ड्राईव्ह बघत नाही. कट म्हटलं की हलणार, कॉपी म्हटलं की कॉपी होणार. कट केलेली फाईल फिकट दिसते, पण पेस्ट करेपर्यंत ती मूळ जागीच असते, त्यामुळे मध्ये फोन आला आणि तुम्ही विसरलात तरी नुकसान नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवर काम करत असाल तर मी डोळे झाकून कट-पेस्टच सुचवेन. बोटाने दाबून धरून लांब ओढत नेणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण. डेस्कटॉप कंप्युटरला चांगला माऊस असेल, आणि शे-दोनशे फोटोंतून निवडून चार फोल्डरमध्ये वाटायचे असतील, तर ओढण्याइतकं भराभर दुसऱ्या कशाने होत नाही. विंडोज-ई दोनदा दाबून दोन खिडक्या उघडा, विंडोज आणि डावा बाण, विंडोज आणि उजवा बाण असं करून त्या शेजारी-शेजारी लावा, डावीकडे मूळ, उजवीकडे जिथे टाकायचे ती जागा. तुमच्या फोटोंच्या फोल्डरसाठी मी हेच करेन: दोन खिडक्या, आणि उजव्या बटणाने ओढून प्रत्येक वेळी कॉपी हिअर.