'वहिवाटीचा हक्क' म्हणजे कशाकशाची मुभा?

काटोलकडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या संत्राबागेच्या जुन्या खरेदीखतात "पूर्वेकडील धुऱ्याने बैलबंडीसह जाण्या-येण्याची वहिवाट राहील" असे वाक्य आहे (धुरा म्हणजे शेताचा बांध), तर या 'वहिवाट' शब्दात ट्रॅक्टर आणि पाण्याची पाइपलाइन बसते काय?

शेवटच्या 'वाट'मुळे हा शब्द रस्त्याचा वाटतो. परंतु त्याचा रूढ अर्थ चालत आलेला वापर, रिवाज किंवा कारभार असा आहे, आणि म्हणूनच देवस्थानाच्या जमिनीला वहिवाटदार असतो व दाव्याच्या कागदांत 'ताबा-वहिवाट' असा जोडशब्द येतो. तेव्हा वरील वाक्याने धुऱ्याची मालकी मिळत नाही, त्याचा ठरावीक वापर मिळतो. कायद्याच्या मराठीत याला 'सुविधाधिकार' म्हणतात.

तो वापर कोणता, हे ठरवताना १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम २८ पाहिले जाते. हक्क निव्वळ गरजेतून आलेला असेल, तर तो निर्माण झाला त्या वेळी जेवढी गरज होती तेवढाच त्याचा आवाका. अन्य हक्कांत पक्षांचा संभाव्य हेतू आणि हक्काचे प्रयोजन पाहायचे. आणि तेही पुराव्यातून कळत नसेल, तर एका प्रकारच्या जाण्या-येण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क धरला जात नाही. पाऊलवाटेतून गाडीवाट आपोआप निघत नाही ती यामुळे.

येथे 'बैलबंडीसह' हा शब्द फार मोलाचा आहे. कलम २३ प्रमाणे, शेजाऱ्याच्या जमिनीवर जादा भार पडत नसेल, तर उपभोगाची रीत बदलता येते. त्यामुळे त्याच बागेचा माल बंडीऐवजी ट्रॅक्टरने नेण्याची बाजू माझ्या मते भक्कम आहे. मात्र ट्रॉलीसाठी धुरा रुंद करावा लागला तर ती बाजू लंगडी पडते, आणि धुरा सोडून पिकातून नवी वाट पाडण्याची मुभा तर हेच कलम नाकारते, मग भार वाढो वा न वाढो. पाइपलाइनचे तसे नाही. जाणे-येणे वेगळे आणि दुसऱ्याची जमीन खणून तीत नळ कायम ठेवणे वेगळे; त्यासाठी स्वतंत्र हक्क लागतो.

बागेपलीकडे आणखी एक शेत विकत घेतल्यास त्याच धुऱ्याने तिकडे जाता येईल, असा समज आमच्या भागात सर्रास आढळतो. कलम २१ त्याला स्पष्ट आड येते, कारण हक्क ज्या जमिनीसाठी आहे तिच्या उपभोगापुरताच तो वापरायचा असतो. उलट, दुसरा रस्ता निघाला म्हणून खरेदीखताने दिलेली वहिवाट संपत नाही. गरज संपल्याने केवळ गरजेचा हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे.

नवे खत लिहिताना नुसते 'वहिवाट राहील' असे न लिहिता, "अमुक फूट रुंदीच्या धुऱ्यावरून पायी, बैलबंडी व ट्रॅक्टरने जाण्या-येण्याचा, तसेच जमिनीखालून पाण्याची पाइपलाइन नेण्याचा व तिची दुरुस्ती करण्याचा हक्क" असे लिहावे.