दोन एसयू कार्ब्युरेटर, खालीवर होणारं आयडलिंग आणि एक परात

तुमच्या १९६७ च्या एमजीबीची, त्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची, लक्षणं वाचली आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. थंड असताना बरी, तापली की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कधी ६०० तर कधी १३००, बोरीच्या पुलावर रांगेत उभी राहिली की बंद. पुढचे दोन प्लग काळे, मागचे दोन पांढुरके. पीयूसीसाठी मेस्त्रींनी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) उघडून धुतले, मिक्स्चर बारीक केलं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं, तेव्हापासून जास्तच. आणि आता त्यांचं म्हणणं, हे दोन्ही फेकून मारुतीचा एक बसवू.

कृपा करून बसवू नका.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. फोंड्याला राहतो, नोकरी भलतीच होती, रविवारी हात काळे करून घेतो एवढंच. माझी एमजीए १६०० आहे, १९६० ची, पोर्तुगीज असताना मुरगावला बोटीतून उतरलेली. तिला एसयू कंपनीचे एच-४ कार्ब्युरेटर, तुमच्या गाडीला एचएस-४. चुलतभाऊच. तरी बारीकसारीक फरक असतात, तेव्हा मी सांगतो ते तुमच्या मॅन्युअलशी ताडून मगच पाना लावा.

टॅपेट, पॉइंट, टायमिंग, कॉम्प्रेशन हे इंजिनाचं बाकीचं सगळं तपासून झालंय असं धरून चालतो. झालं नसेल तर कार्ब्युरेटरला हातसुद्धा लावू नका.

आता मुद्द्याचं. चारांपैकी दोन काळे, दोन पांढरे म्हणजे एक कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय आणि दुसरा हवा पितोय, किंवा दोघांचं आपसात जमत नाही. माझं मूळ दुखणं साधं होतं: मागच्या कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारा दांडा, झिजला होता. बोटात धरून हलवला तर खुटखुट वाजायचा. त्या फटीतून हवा आत जायची. कधी किती जाईल याचा नेम नाही, म्हणून आयडलिंगलाही नेम नाही. ब्रॉन्झ बुश घालून, दोन्ही भोकं एका रेषेत रीमर करून घेतली असती तर दोन दिवसांत संपणारं काम. पण मी काय केलं ते ऐका.

चतुर्थीच्या आधीचा रविवार. अंगणात घरातली मोठी परात घेतली (बायकोने ती नंतर कधीच स्वयंपाकघरात घेतली नाही), तीत रॉकेल ओतलं आणि दोन्ही कार्ब्युरेटर एकदमच खोलून टाकले. दोन पिस्टन (इंजिनाचे नव्हे, कार्ब्युरेटरमधले), दोन सक्शन चेंबर म्हणजे त्यांच्या टोप्या, दोन स्प्रिंगा, सगळं एका परातीत. धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर वाळत घातलं. चकाचक दिसत होतं. मग जो पिस्टन हाताला लागला तो जी टोपी हाताला लागली तिच्यात घातला.

एसयूमध्ये पिस्टन आणि त्याची घंटेसारखी टोपी ही जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दोघांमध्ये मुद्दाम अगदी बारीक फट ठेवलेली असते, आणि पिस्टन किती उचलला जाणार ते त्या फटीवरही असतं. पिस्टन वर गेला की त्याला लावलेली सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकातून, वर येते, पेट्रोलची वाट मोठी होते. जोडी बदलली की सगळा हिशेब बदलला. माझा एक पिस्टन उचलून सोडला की ठक्‌कन खाली यायचा, हा आवाज बरोबर. दुसरा अर्ध्यात अडकायचा आणि मग दमल्यासारखा उतरायचा.

इथपर्यंतही सावरता आलं असतं. पण मला वाटलं, टोपीत मळ राहिला असेल. शून्य नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि अडकणाऱ्या पिस्टनची कड घासली. पाच मिनिटं. आता तो अडकायचा थांबला, पण फट कायमची वाढली. त्यानंतर आठ महिने मी जेटचा नट फिरवत बसलो, खाली फिरवला की मिक्स्चर जाड, वर फिरवला की पातळ, आणि एकही जागा सापडेना. नट पूर्ण वर नेऊन बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली आणून पुन्हा सुरुवात, असं किती वेळा केलं त्याची गणती नाही. नव्या जोड्या इंग्लंडहून मागवाव्याच लागल्या.

त्या पार्सलची कथा वेगळीच. ते एका कचेरीत सात आठवडे पडून होतं. कोणत्या, ते विचारू नका, मला अजून पार्सलं मागवायची आहेत. पहिल्या फेरीला सांगितलं बिलाची प्रत आणा, दुसऱ्या फेरीला ती तीन प्रतींत पाहिजे होती, तिसऱ्या फेरीला साहेब रजेवर. चौथ्या फेरीला एका बाईंनी विचारलं, ही घंटा देवळाची आहे का. मी म्हटलं, माझ्यासाठी देवळाचीच. त्या हसल्या नाहीत. वर साठवणुकीचं भाडं लावलं ते आमच्याकडूनच. मागवलंत तर विकणाऱ्याला सांगा, बिलावर इंजिनाचे भाग म्हणून ८४०९ हा मालाच्या वर्गीकरणाचा आकडा स्पष्ट घालायला. माझं पुढचं पार्सल त्यावर नऊ दिवसांत सुटलं. तुमचंही सुटेल अशी हमी नाही.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: मेस्त्रींनी दोन्ही कार्ब्युरेटर एकाच वेळी खोलले होते का? हो असेल तर टोप्यांवरचे डँपर (पिस्टनची हालचाल मंद करणारे दांडे) काढा, एअर फिल्टर काढा, दोन्ही पिस्टन बोटाने उचलून सोडा आणि कान द्या. आवाज वेगळे आले तर टोप्यांची बॉडीवरची जागा पेन्सिलीने खूण करून उतरवा आणि जोड्या अदलाबदल करून पुन्हा बघा. धुवायला पेट्रोल किंवा स्पिरिट आणि मऊ फडकं. पॉलिश पेपर घरात असेल तर शेजाऱ्याला देऊन टाका. एखाद्याचा आवाज तरीही बोदा आला तर सुई जेटच्या भिंतीला घासतेय का बघा.

जोड्या बरोबर निघाल्या तर हवा शोधा. इंजिन आयडलवर ठेवून स्पिंडलच्या टोकांवर, मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळकांड्याच्या) गॅस्केटवर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आवाज बदलला की चोर सापडला. पण या इंजिनात सायलेन्सरचा मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली असतो, आणि तो तापलेला असतो. शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवा, फवारा चुळूक नव्हे, थेंबभर. तुमच्या सालच्या एमजीबीला इनलेट मॅनिफोल्डवर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातला धूर पुन्हा आत ओढून घेणारी झडप) असतो, गोल डबीसारखा. त्यातला रबरी पडदा फाटला तरी हीच लक्षणं येतात. तो माझ्या गाडीला नाही, त्यामुळे अनुभव ऐकीव, पण पाच मिनिटांचं काम आहे, उघडून बघाच.

हे सगळं झाल्यावर मिक्स्चर. लिफ्टिंग पिनने पिस्टन मिलिमीटरभरच उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर जाड, पडला तर पातळ, क्षणभर किंचित चढून जागेवर आला तर बरोबर. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा. दोघांची हवा सारखी करायला रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. फुसफुस सारखी येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू. महागडी यंत्रं मिळतात, मला नळीच आवडते.

पीयूसीसाठी मिक्स्चर बारीक करणं माझ्या मते अर्धा गुन्हा आहे. जुन्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा आहे, आणि या गाड्या तिच्या आसपासच खूश असतात. हवा चोरणारी जागा बंद केली की बहुतेक वेळा आकडा आपोआप बसतो. शिवाय हल्ली पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमुळे मिक्स्चर आधीच पातळ पडतं, त्यात मेस्त्रींनी अजून पातळ केलं. माझ्या जेटखालचे कॉर्कचे वॉशर या पेट्रोलने एका पावसाळ्यात वाळून गळू लागले. तुमच्या नळ्या जुन्या असतील तर त्याही बदला. आणि जूनमध्ये गाडी झाकून ठेवणार असाल तर गाडीतल्या पेट्रोल पंपाची वायर काढून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या छोट्या टाक्या) रिकामे करा. गोव्याच्या दमट हवेत ते पेट्रोल पाणी ओढून घेतं आणि चतुर्थीला गाडी सुरू होत नाही.

पिस्टनचा आवाज कसा येतो ते कळवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकलात तरी चालेल, एअर फिल्टर काढलेला असू द्या आणि मागे टीव्ही नको.