टाका हा 'टॅक'चा अपभ्रंश नाही

नागपूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: हिंगण्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले 'टाका मार' म्हणतात, तो इंग्रजी 'टॅक'चा अपभ्रंश का? आणि बट, लॅप, फिलेट या जोडांना मराठीत काय म्हणावं?

अपभ्रंश मुळीच नाही. कारागिराच्या तोंडचा शब्द इंग्रजीसारखा ऐकू आला की तो बिघडलेला ठरवून मोकळं व्हायचं, ही शिकलेल्या लोकांची खोड मला सहन होत नाही.

शिंप्याचा आणि डॉक्टरचा टाका सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडतो. वेल्डरचा पाहा. मार्च लागला की नागपुरात जागोजागी कूलरची स्टँडं बनू लागतात. अँगल जमिनीवर मांडले, कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावली, की उस्ताद पोराला सांगतो, "आधी टाके मार, मंग गुण्या लावून पाह्यजो." प्रत्येक कोपऱ्यात चिंचोक्याएवढा ठिपका पडतो. पहिल्याच कोपऱ्यात सलग वेल्ड ओढली तर रस थंड होताना आकसतो, अँगलला स्वतःकडे खेचतो आणि काटकोन जातो. टाका चुकला तर ग्राइंडरने उडवून पुन्हा मारता येतो. थोडक्यात, हा कच्चा टाका. इंग्रजीतही 'टॅक' कच्च्या शिलाईला म्हणतात. दोन भाषांतले दोन शब्द एकाच कामावर भेटले, एवढाच त्यांचा संबंध.

आता मूळ. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, 'टकि बन्धने' आहे: टंक् म्हणजे बांधणे. हिंदीत टाँका शिवणीचाही असतो आणि भांड्याला दिलेल्या डाखाचाही, म्हणजे वितळवून सांधणाऱ्या धातूचाही. आणि इथून पुढे मला राहवत नाही, कारण सोनाराकडे टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, असतो! संस्कृतात टंकण. इतवारीच्या सराफ्यात डाख देताना कधी जवळ उभं राहून बघा. सोनार पाण्यात कालवलेला टाकणखार सांध्याला लावतो, वर डाखाचा बारीक तुकडा ठेवतो आणि ज्योत फिरवतो. टाकणखार आधी पांढरा फुगतो, मग वितळून काचेसारखा पसरतो. धातूवर हवेने धरलेला थर तो विरघळवतो, आणि त्या क्षणी डाख सांध्यात सरकन धावतो. टाकणखार नसेल तर डाखाची गोळी होऊन ती वरच बसते. तापवून, ठोकून लोखंडाचे दोन तुकडे एक करणारे लोहारही हाच खार भुरभुरतात. सांधतो तो टाका, आणि तो धरायला लावतो तो टाकण! दोघे एकाच टंक् धातूची लेकरं आहेत, असं माझं ठाम मत आहे. कच्च्या टाकणखाराचं इंग्रजी नाव 'टिंकल', तेही आपल्या टंकणावरूनच तिकडे गेलं. तेव्हा उसनवारी कोणी कोणाकडून केली ते आधी बघा.

काही पंडित म्हणतात की हिमालयाकडच्या टंकण किंवा तंगण लोकांवरून खाराला नाव पडलं. हा खार तिबेट-लडाखकडून यायचा, हे खरं. महाभारतात तंगण लोक मुंग्यांनी उकरलेलं सोनं घेऊन येतात, हेही खरं. पण मालावरून माल आणणाऱ्यांना नाव पडू शकतं, ही साधी शक्यता हे लोक तपासतही नाहीत. दुसरे टाका ओढून नेतात पाथरवटाच्या 'टाकी'कडे. टंक म्हणजे छिन्नी हा अर्थ आहेच, टाकी त्यातूनच आली. पण छिन्नी फोडते आणि टाका जोडतो. 'बांधणे' अर्थाचा धातू समोर असताना छिन्नी हातात घेण्याचं कारण मला तरी कोणी पटवून दिलेलं नाही.

नागपुरात रोज कानावर येणारं 'सोने पे सुहागा' हेही टाकणखाराबद्दलच आहे. सुहागा म्हणजे टाकणखार. त्यात कुंकू-मंगळसूत्र शोधू नका.

मंगळसूत्रावरून आठवलं. 'तुटलं होतं, वेल्डिंग करून आणलं' असं सर्रास ऐकू येतं. सोनार डाख देतो किंवा झाळतो. त्यात मूळ सोनं वितळत नाही, कमी तापमानाला वितळणारा डाखच तेवढा वितळतो. वेल्डिंगमध्ये जोडायच्या धातूच्या कडाच वितळून एक होतात. म्हणून मराठी विश्वकोशाने वेल्डिंगला दिलेला 'वितळजोडकाम' हा शब्द अर्थाने अचूक आहे. पण ठिणग्या उडत असताना तो कोण ओरडून सांगणार? झाळणे, डाखणे, सांधणे ही क्रियापदं हाताशी असताना कोशकारांनी असा लांबलचक समास घडवावा, हे मला पटत नाही.

राहिले बट, लॅप, फिलेट. ड्रॉइंगवर तेच शब्द असतात, ते तसेच ठेवा. समजावून सांगायचं तर बट म्हणजे कडेला कड भिडवलेला जोड, लॅप म्हणजे एकावर एक चढवलेला, आणि फिलेट म्हणजे कोपऱ्यात भरलेली तिकोनी वेल्ड. टाका मात्र टाकाच लिहा, अवतरणचिन्हं न घालता.